गुणगुणतं कपाट

या मंडळी, जरा पुढे सरकून बसा. मागे भिंतीला टेकून ऐकण्यासारखी ही गोष्ट नाही. मोबाइल पालथे ठेवा. देवाचा फोन यायचा असेल तर तो थांबेल, त्याला सवय आहे. गोष्ट आहे एका चष्मेवाल्याची, त्याच्या आईची आणि त्यांच्या बैठकीतल्या एका कपाटाची. साधुपुरुष हिच्यात कोणी नाही. एक मेहुणा आहे, पण त्याला साधू म्हटलं तर साधूंचे वकील माझ्या दारात येतील.

चष्मेवाल्याचं बाजारात दुकान होतं. गिऱ्हाईक आलं की त्याला उंच खुर्चीत बसवायचं, नाकावर ती जड चौकट चढवायची आणि भिंगं बदलत विचारायचं, "हे बरं, की हे?" सकाळपासून दिवेलागणीपर्यंत तोंडात हाच प्रश्न. शेवटी तो प्रश्न त्याच्या रक्तातच उतरला होता. शर्ट घ्यायला गेला तर दुकानदाराला घाम फोडायचा. त्याच्या बायकोचं तर म्हणणं होतं, "मला बघायला आले तेव्हासुद्धा माझ्याकडे एकदा आणि माझ्या मैत्रिणीकडे एकदा, असं आळीपाळीनं बघत होते. ही बरी, की ही!"

त्याच्या घरात, बैठकीच्या कोपऱ्यात, पट्ट्यापट्ट्यांच्या दाराचं एक लाकडी कपाट होतं. त्यात कुठल्याशा कचेरीतून निवृत्त झालेला एक जुना संगणक बसवलेला होता. हा घरचा सर्व्हर. म्हणजे घराचं कोठीघरच म्हणा: फोटो, सिनेमे, दुकानाचे कागद, सगळं त्याच्या पोटात, ज्याला जे हवं त्यानं आपल्या फोनवर नाहीतर टीव्हीवर ते मागून घ्यायचं. त्यातले सिनेमे गेले असते तर कोणी जेवण सोडलं नसतं. पण एक गोष्ट अशी होती की ती गेली असती तर परत कुठल्याच बाजारात मिळाली नसती. ती म्हणजे बाबा.

बाबा, म्हणजे चष्मेवाल्याचे वडील. दिवसभर बस डेपोत नोकरी करायचे आणि संध्याकाळी एका बुवांच्या मागे उभे राहायचे. बुवा गाऊन कथा सांगायचे. काय आवाज, काय रुबाब! लोक बुवांना ऐकायला यायचे, बुवांना हार घालायचे, बुवांच्या पाया पडायचे. बाबा मागच्या ओळीत उभे राहून फक्त सूर धरायचे. बुवा गाता गाता स्वर्गात जाऊन आले, राक्षस मारून आले, रडून आले, तरी परत यायला एक उंबरठा लागतो. तो उंबरठा म्हणजे बाबा. त्यांच्या वाट्याला उभ्या जन्मात एक शब्द आला नाही. नुसता 'आ'. डोळे मिटून, लांबलचक. ते गेल्यावर मुलानं बुवांच्या जुन्या, बुरशी लागलेल्या कॅसेटी टाकून द्यायच्या आधी संगणकात उतरवल्या, संगणक कपाटात ठेवला आणि त्या वर्षापासून ते कपाट गुणगुणायला लागलं.

हे शेवटचं वाक्य गाठीला बांधून ठेवा. पुढे लागणार आहे.

तर एके दिवशी कपाटातून टकटक ऐकू यायला लागली.

"अहो," बायको म्हणाली, "कपाटात कोणीतरी दार वाजवतंय."

चष्मेवाल्यानं दाराला कान लावला आणि त्याचा चेहरा पडला. "डिस्क चाललीय."

"कुठे?"

"वर."

"मग ती जायच्या आत बाबांची गाणी काढून घ्या की! त्या एवढ्याशा पेनड्राइव्हवर मावतील."

"पेनड्राइव्हवर?" चष्मेवाल्याला ते सहनच झालं नाही. "बाबांना? चाव्यांच्या जुडग्यात लटकवू? नवा सर्व्हर बांधू या. नीट, कायमचा. मग सगळं एकदाच हलवू."

"घराला आग लागली तर माणसं आधी सामान बाहेर काढतात. नव्या बंगल्याचा नकाशा नाही काढत."

पण नकाशा डोक्यात काढून झाला होता. आणि त्या नकाशात पहिली अट होती शांततेची. त्याला कारणही तसंच होतं. आई रोज संध्याकाळी त्या कपाटासमोर चटई टाकून बसायची आणि देवाचं काहीबाही गायची. देवापुढे बसायचं सोडून कपाटापुढे का, हे कोणी कधी विचारलं नव्हतं. हल्ली मात्र गाता गाता मधेच ती थांबायची, तोंड वाकडं करायची आणि कपाटाला फाडकन एक थाप द्यायची. चष्मेवाल्यानं हे दुकानातून लवकर आल्यावर दोनतीनदा पाहिलं आणि तो कळवळला. "बिचारी! एवढी वर्षं तो घरघराट सोसतेय आणि तोंडातून शब्द नाही. नवा सर्व्हर असा करतो, की तो आत आहे हे कपाटालाही कळता कामा नये."

आईला विचारलं का? छे! सगळ्या जगाला विचारलं. आईला कसलं विचारायचं, आईला त्यातलं काय कळतंय?

सर्वांत आधी मेहुण्याला विचारलं. मेहुणा विम्याच्या कंपनीत होता, पण संगणकाच्या बाबतीत तो स्वतःला मोक्षाच्या अलीकडच्या स्टॉपवर उतरलेला समजायचा. तो आला, सोफ्यावर पसरला आणि म्हणाला, "भाऊजी, बजेट हा शब्द आधी मनातून काढा. बजेट म्हणजे मनाचा दुबळेपणा."

"तुझं मन बलवानच आहे रे," त्याची बहीण म्हणाली, "पाकीट आमचं आहे."

मग सुरू झालं. प्रोसेसर वीज कमी खाणारा घ्यावा की दमदार? मदरबोर्डवर डिस्का जोडायला जागा किती असावी? पंखा मोठा आणि सावकाश फिरणारा बरा, की पंखाच नसलेला बरा? चष्मेवाला टेबलावर दोन फोन शेजारी ठेवायचा, दोन्हींवर दोन वस्तूंची माहिती उघडायचा आणि आल्यागेल्याला पकडायचा. "हे बरं, की हे?" दूधवाल्यानं एकदा डावीकडचं सांगितलं, तर त्याला कारण विचारलं. दूधवाला दुसऱ्या दिवसापासून पिशवी दाराला अडकवून पळायला लागला.

मग त्यानं इंटरनेटवर अनोळखी लोकांच्या सभेत प्रश्न टाकला: वडिलांचा आवाज जपायचा आहे, काय घेऊ? एकानं लिहिलं, जुनंच पुसून वापरा. दुसऱ्यानं लिहिलं, अमुक मेमरी नसेल तर वडिलांना गटारात फेकल्यासारखंच आहे. तिसऱ्यानं थेट वडिलांचाच उद्धार केला. दुसऱ्याचं बोलणं चष्मेवाल्याच्या मनाला लागलं.

"ही मेमरी बघ," तो बायकोला म्हणाला. "हिच्याकडून चूक झाली, तर ती स्वतःच ओळखते आणि स्वतःच दुरुस्त करते."

"माणसांत मिळते का अशी? घ्यायचीय एक."

"आणि डिस्का जोडीनं घ्यायच्या. एकीवर जे लिहाल तेच दुसरीवर. एक पडली तर दुसरी सगळं सांभाळते."

"आपल्याकडे एकीलाच सगळं सांभाळायला लागतंय, ती अजून पडली नाही, हे नशीब समजा."

टकटक चालूच होती. मधेच थांबली की चष्मेवाला धावत जाऊन दाराला कान लावायचा. सुरू झाली की हायसं वाटायचं. संध्याकाळी आई थाप द्यायची, आणि रात्रभरात टकटक थोडी वाढलेली असायची. या दोन गोष्टी शेजारी ठेवून 'हे आणि हे' असं काही त्यानं पाहिलं नाही. भिंगं बदलणाऱ्या माणसाचंही कधीकधी असं होतं.

शेवटी सामान आलं. आतून जाड फोम लावलेलं, एकही आवाज बाहेर न सोडणारं कॅबिनेट, म्हणजे संगणकाची पेटी, आलं. त्याच्या आवाजाचा, वजनाचा, रंगाचा, वाऱ्याच्या वाटेचा, सगळ्याचा अभ्यास झाला होता. फक्त उंचीचा राहिला होता. ते कपाटात जाईना.

"कपाट बदलू," मेहुणा म्हणाला.

"मेहुणा बदलू," बहीण म्हणाली.

मग कपाटाची मधली फळी काढली. फळीवर होती इस्त्री, औषधं, फोटोंचे अल्बम आणि कधीतरी लागतील म्हणून ठेवलेल्या वायरींचा गुंता. ते सगळं जेवणाच्या टेबलावर आलं. घर मांडीवर ताटं घेऊन जेवायला लागलं. आई एवढंच म्हणाली, "अरे, कपाटाला बरं नाही म्हणून सगळं घर आजारी पाडलंस." आणि मुलगा मनात म्हणाला, तुझ्यासाठीच चाललंय हे, कळेल तुला.

मेहुण्यानं जोडाजोडी केली. मान्य करायला हवं, चांगली केली. रविवारी सकाळी जुन्यातलं सगळं नव्यात ओतायला घेतलं. जुना संगणक तापू नये म्हणून त्याच्यावर टेबलफॅन धरला होता. घरात पाय आपटून चालायला बंदी. आईला दुसऱ्या खोलीत बसवलं होतं. बायको दार न वाजवता बाजारात जाऊन आली. पडद्यावर हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी पुढे सरकत होती. सिनेमे गेले. फोटो गेले. दुकानाचे कागद गेले.

"आता बाबा," चष्मेवाला पुटपुटला आणि त्यानं हात जोडले.

टक. टक. टक. आणि मग एक अशी टक, की जिच्यामागून दुसरी आलीच नाही. पट्टी जागच्या जागी थांबली. मेहुण्यानं बंद करून चालू केलं. वायर काढून घातली. फुंकर मारली. शेवटी त्यानंही हात जोडले, म्हणजे सगळं संपलं हे सर्वांना कळलं.

चष्मेवाला तिथेच जमिनीवर बसला. जगातला एकही सिनेमा गेला नव्हता. मेहुण्याच्या साखरपुड्याचे फोटो, ज्यांत मेहुणा प्रत्येक फोटोत खात होता, तेसुद्धा सुखरूप होते. फक्त बाबा गेले होते. दुसऱ्यांदा. आणि या वेळी मुलाच्या हातून. "आईला काय सांगू?" तो बायकोला म्हणाला. "तिला काय सांगू मी?"

बायकोनं खुंटीवरचं चाव्यांचं जुडगं काढलं आणि त्याच्या मांडीवर टाकलं. त्यात पुढच्या दाराची चावी होती, दुकानाची होती, आणि मधे एक निळा, एवढासा पेनड्राइव्ह होता.

"टकटक सुरू झाली त्याच दिवशी काढून ठेवली होती," ती म्हणाली. "रोज दुकानात घेऊन जात होतात बाबांना. कुलूप उघडताना हातात असायचे तुमच्या."

चष्मेवाला तिच्याकडे बघत राहिला. त्या क्षणी तिच्या शेजारी कोणालाही उभं करा, त्यानं 'ही बरी की ही' विचारलं नसतं. मेहुणा मात्र म्हणाला, "ताई, पेनड्राइव्ह हे काही भरवशाचं माध्यम नाही हं." यावर तिनं काय उत्तर दिलं ते चारचौघांत सांगता येत नाही.

बाबा नव्या घरात गेले. जोडीच्या डिस्कांवर, चुका दुरुस्त करणाऱ्या मेमरीतून, फोमच्या भिंतींआड. मेहुण्यानं उत्साहाच्या भरात जुना संगणक त्याच दुपारी भंगारवाल्याला देऊन टाकला. कपाटाचं दार लावलं. सगळ्यांनी कान दिले. काही नाही. पूर्ण शांत.

"आई, ये आता!" चष्मेवाल्यानं हाक मारली. "बस, गा निवांत."

आई आली. चटईवर बसली. डोळे मिटले. तोंड उघडलं. मिटलं. परत उघडलं, एक ओळ म्हटली, ती कुठेतरी घसरली आणि ती थांबली. "घसा बसलाय रे आज," म्हणाली आणि उठून गेली.

दुसऱ्या दिवशीही घसा बसला होता. तिसऱ्या दिवशीही. चष्मेवाल्यानं खोकल्याच्या गोळ्या आणल्या. वाफ दिली. काही उपाय चालेना, तेव्हा तिला दुकानात नेऊन डोळे तपासले, कारण त्याला तेवढंच येत होतं.

"हे बरं, की हे?"

"दोन्हीकडे सारखंच दिसतंय रे," आई म्हणाली. "दिसण्याचं काही नाही माझं."

आठवडा असाच गेला. घरात संध्याकाळ झाली की कपाट गप्प आणि आईही गप्प. दुसऱ्या रविवारी मेहुणा आपली करामत मिरवायला परत आला. "आई, इकडे या. लावा कान दाराला. काही ऐकू येतंय?"

"नाही."

"काहीच नाही?"

"काही म्हणजे काहीच नाही."

"बघा भाऊजी!" मेहुण्यानं मांडीवर थाप मारली. "याला म्हणतात काम!"

आणि आईच्या डोळ्यांतून टपकन पाणी पडलं. "तेच तर," ती म्हणाली. "कोणीच नाहीये रे आता तिथे."

मेहुण्याचा हात मांडीवरच राहिला. चष्मेवाला आईशेजारी चटईवर बसला. "आई, काय झालं? तुला त्या आवाजाचा त्रास व्हायचा ना?"

"मला? कोण म्हणालं?"

"मग थापा का मारायचीस?"

"तो आतला पंखा सुरातून उतरायचा मधेच," आई म्हणाली. "तापला की खाली यायचा. एक थाप दिली की येतो परत जागेवर. तुझे बाबा तरी काय वेगळे होते? दिवसभर डेपोत राबून यायचे, उभ्या उभ्या डुलकी लागायची, सूर निघायचा खाली. बुवा मागे न बघता कोपर मारायचे. लोकांना वाटायचं, काय हातवारे करतात बुवा!" ती रडता रडता हसली. "बाबा गेले आणि हे कपाट सुरू झालं. त्यांच्याच सुरात, अगदी त्यांच्याच. मी कुठे मोठी गाणारी? पण मागे कोणीतरी उभं आहे म्हटलं की गाता येतं."

चष्मेवाल्यानं कपाटाच्या दारावर हात ठेवला.

"एवढं मन लावून केलंस तू," आई म्हणाली, "म्हणून बोलले नाही. पण खरं सांग हं, माझ्या थापांनी त्या डिस्कला काही झालं नाही ना?"

चष्मेवाल्यानं बायकोकडे पाहिलं. बायकोनं छताकडे पाहिलं. मेहुण्यानं तोंड उघडलं, तेव्हा बहिणीनं त्याच्या पायावर पाय दिला.

"छे गं," चष्मेवाला म्हणाला. "तिचं वयच झालं होतं."

दुसऱ्या दिवशी आईला घेऊन तो संगणकाच्या दुकानात हजर. त्याला बघताच दुकानदारानं काउंटरखाली लपायची जागा शोधली.

"पंखा हवाय," चष्मेवाला म्हणाला.

"दिलाय की तुम्हाला! त्याच्याहून शांत पंखा अजून कोणी बनवलेला नाही."

"शांत नको. आवाज करणारा हवा."

दुकानदारानं त्याच्याकडे, मग आईकडे पाहिलं. "किती आवाज करणारा?"

"किती नाही, कुठला ते विचारा," आई म्हणाली.

काउंटरवर पंखे मांडले गेले. दुकानदार एकेक चालू करायचा आणि आई डोळे मिटून ऐकायची.

"हा?"

"हा डास आहे."

"हा?"

"हा नुसता सुस्कारे टाकतोय. गात कुठंय?"

"हा घ्या, हा आमचा सगळ्यात चालणारा."

"चालत असेल. बेसूर चालतो."

"आई, पहिला बरा, की हा?"

"थांब रे, घाई करू नकोस. तो काळा परत लावा बघू."

दुकानात गर्दी जमली. कोणी म्हणालं, मावशी परीक्षक आहेत वाटतं. मग चष्मेवाल्याला एक सुचलं. त्यानं फोन काढला, घरच्या सर्व्हरला हाक दिली आणि तिकडून, फोमच्या भिंतींआडून, बुवांची कथा इथे काउंटरवर आली. बुवा गात होते ते गात होते; पण आईनं बोट वर केलं आणि सगळ्यांना ते ऐकू आलं, पाठीमागून येणारं, लांब, बिनशब्दाचं 'आ'.

"हा," आई म्हणाली. "हा काढा."

दुकानदार आत गेला आणि धूळ पुसत एक जाडजूड जुना पंखा घेऊन आला. "हा विकायचा नाही खरं तर. फेकायचाच होता. फार घुमतो म्हणून गिऱ्हाइकानं परत केला होता." त्यानं लावला. आई पुढे झुकली. "चढा आहे. पण घराणं तेच दिसतंय."

दुकानदारानं मधे वेग कमीजास्त करायची एक कळ जोडली आणि हळूहळू फिरवली. पंखा उतरत, उतरत, उतरत आला आणि एका जागी येऊन फोनमधल्या आवाजात असा मिसळला, की दोघांतला कोण कुठला ते कळेना. चष्मेवाल्यानं प्रश्न विचारला नाही. आईनं तिथेच, पंख्यांच्या आणि वायरींच्या ढिगापुढे, डोळे मिटून गायला सुरुवात केली. प्रिंटरची शाई घ्यायला आलेला एक गृहस्थ खोक्यावर बसला. दुकानदार कळीवर बोट ठेवून पुतळ्यासारखा उभा राहिला, जणू सगळी सृष्टी त्या बोटावर तोललेली आहे.

आता तो पंखा कपाटाच्या दाराला बाहेरून टांगलेला आहे, आईच्या हाताला येईल अशा उंचीवर. आत जगातला सर्वांत शांत सर्व्हर, बाहेर हा. मेहुण्याला ते बघवत नाही.

"भाऊजी, हा नक्की थंड काय करतो?"

"काही नाही."

"मग लावलाय कशाला? काही करत नाही तर काढून टाका!"

"तूसुद्धा काही करत नाहीस," त्याची बहीण म्हणाली. "तरी दर रविवारी जेवायला बोलावतोच ना तुला?"

तर मंडळी, गोष्ट एवढीच. उठायच्या आधी एक मागणं आहे. पुढे कधी गाणं ऐकायला बसाल, तेव्हा पुढच्या माणसाला टाळ्या खुशाल वाजवा, हार घाला, पाया पडा. त्याला ते आवडतं. पण एकदा त्याच्या खांद्यावरून मागे बघा आणि आमच्या या बाबांची आठवण काढा. बस डेपोत होते. 'आ' म्हणायचे. आणि मागच्या माणसाला डुलकी लागलेली दिसलीच, तर टाळीबिळी नको. हळूच एक कोपर मारा.